चप्पल शिवणारा कारागीर, मग कलाकार कोण?

प्रश्न असा: कोल्हापुरी चप्पल करणाऱ्याला ‘कारागीर’ आणि चित्र काढणाऱ्याला ‘कलाकार’ का? आणि ‘शैली’ हा शब्द ‘स्टाइल’वरून आलाय का?

‘कला’ म्हणजे मुळात बारीकसा अंश. चंद्राच्या १६ कला म्हणजे १६ भाग. पंचांगवाले आजही एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला मोजतात. कौशल्य हा अर्थही जुनाच. ६४ कलांच्या यादीत गाण्या-चित्रांच्या पंगतीला हार गुंफणं आणि सुतारकामही बसलंय, म्हणजे त्या हिशेबानं चप्पलवाला बाहेर राहायचं कारण नाही. घरगुती बोलीत हाच शब्द ‘कळा’ होऊन तोंडावर आला: ‘काय ही कळा!’, अवकळा, प्रेतकळा. (बाळंतपणातल्या कळा वेगळ्या, त्या ‘कळ’च्या.)

‘कारागीर’ फारसीतला, ‘कसब’ अरबीतला. कसब म्हणजे मुळात कमाई. पोटासाठी करायचं, हे त्या शब्दातच आहे. पुरुष कसबी झाला तर कौतुक, बाई ‘कसबीण’ झाली की नाकं मुरडली. ‘कलावंतीण’चंही तेच. भाषेचा हा खोडसाळपणा मला अजून खटकतो.

‘शैली’ आली ‘शील’वरून: स्वभाव, वागण्याची रीत. ‘स्टाइल’चं मूळ लॅटिनमधल्या लेखणीत. उच्चार जुळतो, कूळ नाही. जुन्या चित्रांत शैलीला ‘कलम’ म्हणतात, गाण्यात ‘गायकी’. कोल्हापूर दरबारी राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची गायकी जयपूर घराण्याची म्हणून ओळखली जाते. आमच्या ओळखीचे एक चप्पल शिवणारे मामा नुसतं ‘हात’ म्हणतात. मी दाखवलेल्या जोडाची वेणी बोटानं चाचपली, वादी कुठं ओढलीय ते बघितलं आणि म्हणाले, “ह्यो आमचा हात न्हवं.”

राहिला कारागीर-कलाकारातला फरक. तो कामापेक्षा मानाचा जास्त, असं माझं मत. बाबूराव मेस्त्री (१८९०–१९५४) नाटकाचे पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ झाले आणि पुढं ‘कलामहर्षी’. साथीदारांना घेऊन त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथं कोल्हापुरातच घडवला. ते काम मात्र अस्सल मेस्त्रीचं.