अमेरिकेतल्या कोलोरॅडोत प्राँगहॉर्न (माळावरचा काळविटासारखा प्राणी) आणि म्यूल डिअर (हरणाची एक जात), दोन्हींसाठी एकच रायफल घ्यायची तर काडतूस कोणतं? .२४३, ६.५ क्रीडमूर, .२७० की .३०८?

तुम्ही काडतुसांची चार नावं दिलीत आणि गोळीबद्दल मात्र "दुकानात जी मिळेल ती" एवढंच लिहिलंत. माझ्या मते आधी गोळी, म्हणजे काडतुसातून सुटून जनावराला लागणारा भाग, ठरवायला हवी. ही चारही काडतुसं या दोन प्राण्यांना पुरतात. जनावर जागेवर पडतं की जखमी होऊन पळतं, हे बरंचसं गोळी कुठे लागली आणि लागल्यावर तिचं काय झालं यावर ठरतं.

माझा पहिला प्राँगहॉर्न मी .२४३ने मारला. अंतर दीडशे यार्डांच्या आत होतं आणि नेमही चुकला नव्हता. गोळी ७५ ग्रेनची होती (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). कोलोरॅडोत हरीण आणि प्राँगहॉर्नसाठी किमान .२४ कॅलिबर (म्हणजे गोळीची जाडी, इंचात), लागल्यावर पसरणारी किमान ७० ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. या सगळ्यात ती बसत होती. पण ती कायोटी आणि प्रेअरी डॉग अशा लहान जनावरांसाठी बनवलेली, लागताक्षणी फुटणारी गोळी होती. खांद्याच्या हाडावर तिचा चुरा झाला. जखम रुंद झाली, पण फुप्फुसापर्यंत काही पोचलंच नाही. तो उठला आणि पळाला. दीड तास माग काढल्यावर दुसरी गोळी घालून मी त्याला सोडवलं. तो दीड तास मी विसरलेलो नाही, म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय.

म्हणून खोक्यावरच्या ग्रेनच्या आकड्यासोबत गोळीची बांधणीही वाचा. साध्या गोळीत शिशाच्या गाभ्यावर तांब्याचं कवच असतं. मध्यम अंतरावर, बरगड्यांमागे लागली तर ती उत्तम काम करते. जवळून, मोठ्या वेगात हाडावर आदळली तर कवच आणि गाभा वेगळे होऊ शकतात. बाँडेड गोळीत हे दोन्ही एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे वजन टिकतं आणि गोळी खोल जाते. पार्टिशन गोळीत मधे तांब्याची आडवी भिंत असते: पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून आत घुसत जातो. १९४६मध्ये जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या एका मूसवर (प्रचंड मोठ्या हरणावर) कमी पडल्या, त्यातून ही रचना जन्मली. मॅच गोळ्या, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेच्या, कागदावर भोकं पाडायला आहेत आणि फुल मेटल जॅकेट, म्हणजे पूर्ण धातूच्या कवचाची गोळी, पसरतच नाही. या दोन्ही शिकारीसाठी घेऊ नका.

मी आता अखंड तांब्याची गोळी वापरतो. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात शिरतात आणि ते मांस माझ्या घरची मुलं खातात. मागे टाकलेली आतडी खाणाऱ्या गरुडांनाही ते बाधतं. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदीच आहे. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि ती स्थिर राहायला नळीतल्या खाचांचा पीळ जास्त लागतो. म्हणून वजनात एक पायरी खाली या. .२४३मध्ये शिशाची ९५-१०० ग्रेन घेणार असाल तर तांब्याची ८० घ्या. तांब्याची गोळी पसरायला वेगही जास्त लागतो, तेव्हा फार लांबून मारायला ती नको.

आता काडतूस. .३०८ला अंगाला धक्का जास्त बसतो. धक्क्याच्या धास्तीने घोडा दाबताना डोळे मिटले की बाकीचं सगळं वाया जातं. तुम्ही नवीन आहात, तर मी ६.५ क्रीडमूर सुचवेन, शिशाची १४० ग्रेनच्या आसपासची किंवा तांब्याची १२०. धक्का सौम्य आहे आणि गोळी वाऱ्यात कमी हलते. हातात आधीच .२७० असेल तर ती बदलू नका. १९२५पासून १३० ग्रेनची गोळी घेऊन ती हेच काम करत आली आहे. .२४३ चालते, पण तिच्यात चुकीला जागा कमी.

चारशे यार्डांवरून मारता येईल का, असंही तुम्ही विचारलंत. .२७०ची १३० ग्रेनची गोळी दोनशे यार्डांवर शून्य केली, म्हणजे नेमाच्या जागीच लागेल अशी दुर्बीण लावली, तर तीनशेवर सहा-सात इंच खाली जाते. ते मोजून भरून काढता येतं. पण ताशी १० मैलांचा आडवा वारा तीनशेवर तिला आणखी सहा-सात इंच बाजूला नेतो, आणि माळावर वारा नसतो कधी? प्राँगहॉर्नच्या काळीज-फुप्फुसांची जागा जेमतेम आठ-नऊ इंचांची. मध्यावर धरलेला नेम वाऱ्याने तेवढा सरकला की गोळी पोटात. पहिला हंगाम अडीचशेच्या आत ठेवा. प्राँगहॉर्नची नजर फार तीक्ष्ण असते, पण उतारांच्या आडून रांगत गेलं की तेवढं जवळ जाता येतं.

काडतूस घेताना नळीवर कोरलेलं नाव आणि खोक्यावरचं नाव तंतोतंत जुळवा. त्यात आकड्यांच्या पुढचा शब्दही आला. मग दोन-तीन प्रकारच्या गोळ्यांचं एकेक खोकं घेऊन तुमच्याच रायफलीतून झाडून बघा. जिची भोकं कागदावर सगळ्यात जवळजवळ पडतात तिची आणखी खोकी त्याच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) घ्या. आणि नळी थंड असताना मारलेली पहिली गोळी कुठे लागते ते वहीत वेगळं लिहून ठेवा, कारण माळावर तीच वापरायची आहे.