मनातलं इंग्रजीत सांगताना

भाऊ, सगळीकडे ‘आय वॉन्ट’ वापरू नकोस. घरात चालतं, पण अनोळखी माणसाला ते हुकूम सोडल्यासारखं वाटतं. तिथे ‘आय वुड लाइक’ म्हण.

सगळ्यात जास्त उपयोग ‘फील लाइक’चा. हिवाळ्यात भरीत खावंसं वाटलं तर ‘आय फील लाइक ईटिंग भरीत’. जळगावच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडवत नसेल तर ‘आय डोन्ट फील लाइक गोइंग आउट’. पुढच्या क्रियापदाला ‘इंग’ हवंच. आपण ‘खावंसं’ एका शब्दात उरकतो, म्हणून बोलण्याच्या ओघात ते हमखास सुटतं. ‘त्यापेक्षा हे बरं’ म्हणायच्या ‘वुड रादर’ला मात्र ‘इंग’ही नको, ‘टू’ही नको: ‘आय वुड रादर स्टे होम’. शेवभाजीची तलफ आली तर ‘आय ऍम इन द मूड फॉर शेवभाजी’.

कंटाळा आला की ‘आय ऍम बोअर्ड’. ‘बोअरिंग’ म्हणालास तर तूच कंटाळवाणा ठरतोस. ही चूक सगळ्यांत आधी काढ.

भुसावळहून रोज ये-जा करतोस ना? गाडीत जे मनात येईल ते पुटपुटत जा. आधी ‘फील लाइक’ पक्कं होऊ दे, बाकीचं नंतर.