ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीला लागण्याआधी, कॉलेजात शिकवत नाहीत असं काय शिकून घेऊ?

तुम्ही लिहिलंय की सॉफ्टवेअर हातात बसली आहेत, पोर्टफोलिओत २२ कामं आहेत, तरीही पोटात गोळा येतो. शिवाय बिनपगारी इंटर्नशिप करावी का, असंही विचारलंय. त्याकडे शेवटी येतो.

माझ्या मते कॉलेजात आपण डिझाइन करायला शिकतो, ते दुसऱ्याच्या हाती सोपवायला शिकत नाही. माझं नोकरीचं पहिलं वर्ष याच धड्यात गेलं.

पहिलं छापील काम होतं एक माहितीपुस्तिका. पानं मी अठरा केली होती. मधोमध पिन मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. हे साधं गणित मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. प्रेसवाल्यांनी फाइल उघडताच ते पकडलं. मी रात्र जागून वीस पानं केली आणि त्या धावपळीत दुसरी चूक सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. मी सगळं काम आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) करून शेवटी सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत) बदललं होतं. त्या बदलात मजकुराचा काळा रंग निव्वळ काळ्या शाईचा न राहता चारही शायांच्या मिश्रणाचा झाला. मोठ्या मथळ्याला हे चालून जातं. आठ पॉइंटच्या अक्षराला नाही. प्रत्येक शाईची एक अशा चार छपाई-प्लेटांपैकी एखादी केसभर सरकली तरी अक्षराच्या कडेला रंगीत झालर दिसते. मशीनमननं मला बोलावून घेतलं, माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाला, "वाचून दाखवा." मला वाचता येईना. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की एखाद्या छापखान्यात परवानगी काढून दोन-तीन दिवस नुसते उभे राहा. ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई, का सोडायचा, हे कटिंग मशीनचं पातं कागदाच्या थप्पीवर उतरताना पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही. कागद थोडा हलतोच, आणि ब्लीड नसेल तर कडेला पांढरी रेघ राहते. '३०० डीपीआय', म्हणजे इंचाला ३०० ठिपके, याचंही तसंच. तो आकडा चित्र ज्या मापात छापलं जाणार त्या मापाचा असतो. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ४ इंचांत छापला तर ३०० भरतो. तोच ताणून १२ इंच केला की १०० वर येतो, मग फाइलच्या माहितीत काहीही लिहिलेलं असो. उलट भलामोठा फलक लांबून बघायचा असतो, तिथे ३०० चा हट्ट धरून संगणक रडकुंडीला आणायची गरज नाही. स्क्रीनसाठी काम करणार असाल तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, मोजायची सवय लावा. साध्या मजकुराला किमान ४.५:१ हे सुगम्यतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावं यासाठीच्या, मानकातलं प्रमाण आहे. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं पोर्टफोलिओत देखणी दिसतात, पण उन्हात फोन धरणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

पोर्टफोलिओतली २२ कामं मात्र कमी करा. सात-आठ पुरेत. कामं निवडणारा माणूस आधीच कंटाळलेला असतो आणि तुमचं सगळ्यात कच्चं काम त्याच्या नेमकं लक्षात राहतं. प्रसिद्ध ब्रँडचे लोगो स्वतःहून नव्यानं केलेले असतील तर ते आधी काढा. त्यात ना ग्राहक, ना मुदत, ना 'आमच्या साहेबांना निळा आवडत नाही'. त्यापेक्षा ओळखीच्या कुणासाठी केलेलं साधं पत्रक ठेवा आणि काय अडचण होती, काय टाकून दिलं, ते चार ओळींत लिहा. मुलाखतीत मी तरी तेच विचारतो.

ग्राहकाची भाषा हा वेगळाच विषय. "जरा उठाव आणा" या वाक्याचे मी आजवर पाच तरी वेगळे अर्थ पाहिले आहेत. "लोगो मोठा करा" म्हणजे बहुतेक वेळा लोगो हरवलाय; आजूबाजूची गर्दी हटवली तर तोच लोगो त्याच मापात पुरेसा वाटतो. बदल लगेच करायला बसू नका, आधी "तुम्हाला इथे नेमकं काय खटकतंय?" असं विचारा. उत्तर ऐकलंत की अर्धं काम वाचतं.

आता पैसे आणि कागदपत्रं. नायकेचं बोधचिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं केलं आणि त्याचे तिला ३५ डॉलर मिळाले. कंपनीनं १९८३ मध्ये तिला शेअर्स दिले, हे खरं; पण ते कंपनीच्या मर्जीनं. तुमच्या कामात मर्जीवर काही ठेवू नका. किती पर्याय, किती वेळा बदल, आगाऊ रक्कम किती, मूळ फाइल द्यायची की फक्त पीडीएफ, हक्क कुणाकडे जाणार, हे एका पानावर लिहा आणि काम सुरू होण्याआधी ईमेलवर होकार घ्या. फॉन्टच्या परवान्याचाही उल्लेख करा. संगणकावर वापरायचा परवाना आणि वेबसाइटवर चढवायचा परवाना बहुतेक वेळा वेगळा असतो, आणि अंगाशी येतं ते हेच.

फाइलींच्या नावांबद्दल एकच. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' या मालिकेतली चुकीची फाइल मीही एकदा पाठवली आहे. तारीख आणि आवृत्ती क्रमांक घाला, सुटाल.

इंटर्नशिपबद्दल माझं मत जरा कडक आहे. तुमचं काम ते ग्राहकाला विकणार असतील तर पगार मागा. विकणार नसतील आणि कुणीतरी अनुभवी माणूस रोज शेजारी बसून तुमच्या फाइली उघडून बघणार असेल, तर महिनाभर बिनपगारी गेलात तरी मी तुम्हाला वेड्यात काढणार नाही. पण कोण बसणार, त्याचं नाव आधी विचारा. नाव सांगता आलं नाही तर जाऊ नका.