माझी पीएचडी लेझर स्पेक्ट्रोस्कोपीत चालू आहे. पुण्यात राहून आयन ट्रॅपवर (विद्युतक्षेत्राने आयन अधांतरी पकडून ठेवणारं उपकरण) पोस्टडॉक करायचं आहे. दिवसभर नेमकं काय काम असतं आणि आतापासून काय शिकू?

तुमची पीएचडी लेझर स्पेक्ट्रोस्कोपीत आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे निम्मी तयारी झालेलीच आहे. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला बिट, इथे एक आयन. त्यावर गेट, म्हणजे गणिती क्रिया, चालवण्यात फार थोडा वेळ जातो. क्युबिटचा कोहेरन्स, म्हणजे त्याची क्वांटम अवस्था टिकून राहणं, कशामुळे मोडतोय, हे शोधण्यात आठवडे जातात आणि पोस्टडॉककडून मुख्य अपेक्षा तीच असते.

यटर्बियम-१७१ घ्या. ३६९.५ नॅनोमीटरच्या लेझरने आयन थंड करायचा, सोबत ९३५ चा रिपंप, म्हणजे दुसऱ्या पातळीत अडकलेला आयन परत आणणारा लेझर. क्युबिट म्हणजे १२.६४ गिगाहर्ट्झ अंतरावरच्या दोन हायपरफाइन पातळ्या (अणुकेंद्राच्या स्पिनमुळे फुटलेल्या ऊर्जापातळ्या). चुंबकक्षेत्राला कमीत कमी दाद देणारी जोडी, म्हणजे क्लॉक ट्रान्झिशन, निवडली तर ५ गॉसवर १ मिलिगॉसच्या चढउताराने वारंवारता जेमतेम ३ हर्ट्झ हलते. शेजारच्या झीमन पातळीवर (चुंबकक्षेत्रामुळे सरकणारी पातळी) तोच मिलिगॉस १४०० हर्ट्झ हलवतो. म्हणून रॅम्सी मोजमाप (दोन पल्समध्ये थांबून कोहेरन्स किती टिकतो ते पाहणं) दोन्हींवर करा. दोन्हीकडे कोहेरन्स सारख्याच वेळात मोडत असेल तर दोष चुंबकक्षेत्राचा नाही. मायक्रोवेव्ह स्रोत तपासा, किंवा ३६९ चा गळणारा प्रकाश. एओएम, म्हणजे ध्वनिलहरींनी लेझर चालू-बंद करणारं उपकरण, बंद केला तरी थोडा प्रकाश गळतोच, त्यामुळे यांत्रिक शटर हवंच.

झीमनवरच लवकर मोडत असेल तर प्रयोग मेनच्या ५० हर्ट्झच्या ठरावीक फेजला ट्रिगर करा. कोहेरन्स सुधारला तर ट्रान्सफॉर्मर, पॉवर सप्लाय आणि ग्राउंड लूप बघा. सुधारला नाही, पण मध्ये पाय-पल्स (क्युबिट उलटवणारी π पल्स, हाच एको) टाकल्यावर सुधारला, तर क्षेत्र संथपणे सरकतंय: कॉइलचा करंट, शेजारची लिफ्ट, कुणीतरी हलवलेली लोखंडी ट्रॉली. एकोनेही फरक पडत नसेल तर कॉइलच्या करंटमधला वेगवान नॉइज धरा. हे सगळं वेगळं करून पाहण्याआधी महागडं म्यू-मेटलचं (चुंबकक्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं) आवरण मागवू नये, असं माझं ठाम मत आहे.

व्हॅक्यूमचं काम कंटाळवाणं, पण तिथली चूक महिना खाते. दाब १०⁻¹¹ मिलिबारच्या घरात लागतो. बेकिंगला (चेंबर तापवून आतली वाफ-वायू काढताना) २०० अंशांपर्यंत जाताना तासाला १०-१५ अंशच चढा, नाहीतर खिडकीचा काच-धातूचा जोड तडकतो. आत पितळी स्क्रू चालत नाही, तापल्यावर त्यातलं जस्त उडतं. चेंबर उघडायचा तर कोरडा नायट्रोजन सोडत राहा, पुण्याच्या पावसाळ्यात तर नक्कीच. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २० अंशांच्या वर असतो. एसी बंद पडला आणि लेझर डायोड १५ अंशांवर थंड होत राहिला, तर त्यावर पाणी धरतं. यूपीएसवर कूलर एकटा चालू राहील अशी जोडणी करू नका.

शहरातच शोधायचं तर पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे, क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हब हे केंद्रही तिथेच. आयुका या खगोलशास्त्र संस्थेत यटर्बियम आयनच्या घड्याळावर काम चालतं. क्युबिट नसला तरी ट्रॅप, लेझर, व्हॅक्यूम सगळं हेच. सुपरकंडक्टिंग क्युबिट हवे असतील तर मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेकडे बघा.

ईमेलमध्ये पेपरांच्या यादीआधी तुम्ही स्वतः लॉक केलेला (ठरावीक वारंवारतेवर स्थिर केलेला) लेझर, त्याची लाइनविड्थ (वारंवारतेची रुंदी) आणि लॉक किती तास टिकतो हे लिहा. आरएफ (रेडिओ वारंवारतेची इलेक्ट्रॉनिक्स), एफपीजीए (हवी तशी जोडणी करता येणारी चिप) किंवा पायथनने उपकरणं चालवणं यांपैकी एखादी गोष्ट अजून येत नसेल, तर पीएचडीचे उरलेले महिने त्यासाठी वापरा.