कंपोझिट उचलतंय? लाइटच्या आधी बाँडची बाटली बघा

नाशिकरोडला नवीन क्लिनिक, दाढांच्या मधली कंपोझिट (दाताच्या रंगाच्या रेझिनची) फिलिंग, आठवडाभरात थंड लागलं की कळ, काही तर कडेने उचललेली. आणि आता नवा क्युअरिंग लाइट (कंपोझिट कडक करणारा दिवा) घ्यावा का, हा तुमचा प्रश्न. डॉक्टर, माझं क्लिनिक नवीन असताना अगदी हेच भोगलंय. लाइटची घाई करू नका.

आयसोलेशन (दात कोरडा ठेवणं), वेज (दातांमधली पाचर), कंपोझिटचे दोन मिलिमीटरचे थर यावर बोलत नाही, ते तुम्ही करतच असणार. फक्त चावताना दुखतं की थंडाने, हे पेशंटला नीट विचारा. चावतानाच असेल तर आर्टिक्युलेटिंग पेपर (चावल्याची खूण उमटवणारा कागद) लावून हाय पॉइंट, म्हणजे उंच राहिलेला भाग, काढा, बऱ्याचदा तिथेच मिटतं. थंडाची कळ आणि वर फिलिंग उचलतंय, म्हटल्यावर माझा पहिला संशय बाँडवर, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवावर.

माझी बाटली आली ती ऐन मे महिन्यात. पारा चाळिशीला टेकलेला आणि पार्सल डीलरच्या पत्र्याच्या गोदामात पडून. एक्स्पायरी पुढच्या वर्षाची, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. पण ताजा बाँड वेलमध्ये (थेंब काढायच्या छोट्या वाटीत) टाकला की पातळ पसरतो, हा पाकासारखा जागीच बसायचा. बाँडमधला सॉल्व्हंट, म्हणजे ॲसिटोन किंवा इथेनॉल, उडून गेला की रेझिन डेंटिनमधल्या (दाताच्या आतल्या थरातल्या) कोलॅजनच्या जाळ्यात धड शिरत नाही. मग वर कितीही भारी कंपोझिट लावा.

डीलर म्हणाला, "बाकी कुणाची तक्रार नाही साहेब, तुमचं टेक्निक बघा." कंपनीच्या माणसाला फोन केला, तर बॅच नंबर बाटलीवर आहे, बिलावर नाही, म्हणून त्याने हात वर केले. म्हणजे ती बाटली त्यांच्याचकडून घेतली याला पुरावा काय! ती सगळी फिलिंग मी पदरमोड करून पुन्हा केली. पैसे गेले ते गेले, पण "डॉक्टर नवीन आहेत वाटतं" हे वेटिंगमधलं कुजबुजणं आजही डोक्यात जातं. बिलावर बॅच आणि एक्स्पायरी लिहून देत नाही, त्या डीलरकडून मी आता कापूससुद्धा घेत नाही.

स्वस्त पडते म्हणून मोठी बाटली घेऊ नका. आपल्याकडे द्राक्षांची तोडणी सुरू झाली की निफाड-दिंडोरीचे पेशंट फिरकत नाहीत आणि उघडी बाटली पडून राहते. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवरच लिहा. फ्रिजमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. आणि असिस्टंटला सांगा, थेंब आयत्या वेळी काढायचा, झाकण लगेच लावायचं. एचिंगच्या (दाताला ॲसिड लावायच्या) आधीच थेंब काढून ठेवायची सवय फार दिसते, तोवर सॉल्व्हंट उडालेला असतो.

मी साधा बीडीएस, कॉन्झर्व्हेटिव्हचा (फिलिंगच्या शाखेचा) एमडीएस नाही. तुमच्या बाँडच्या माहितीपत्रकात वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. लाइटचंही असू शकतं, नाही असं नाही. पण आधी लाइटच्या टोकाला चिकटलेलं कंपोझिट खरवडा, कुणाचा तरी रेडिओमीटर (लाइटची ताकद मोजणारं यंत्र) मागून तपासा, मगच हजारो रुपये घाला. आणि हो, आधीच्या टेंपररीत (तात्पुरत्या फिलिंगमध्ये) युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातला घटक, होतं का तेही आठवून बघा, ते रेझिनचं सेटिंग बिघडवतं.

बिल सापडलं आणि त्यावर बॅच नंबर असेल तर कळवा, कंपनीला तक्रार कशी लिहायची त्याचा मजकूर देतो.