मागच्या पानावरचा हिशोब

उद्योजकतेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यापासून धंद्याची भीती उलट वाढली, ही पदवीधरांची तक्रार सांगलीत समुपदेशन करताना मी वारंवार ऐकते. पालकांचे गाऱ्हाणे वेगळेच असते : "त्या कोर्सापासून पोराचं नोकरीतही लक्ष लागेना."

गेल्या वर्षी आलेल्या २३ वर्षांच्या वाणिज्य पदवीधराच्या घरात ही दोन्ही गाऱ्हाणी एकदमच नांदत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील हळद पिकवतात. मुलाने हळदप्रक्रिया उद्योगाचा चाळीस पानी आराखडा करून वर्गात पहिला क्रमांक मिळवला होता आणि नंतर वर्षभर तो आराखडा उघडलाही नव्हता.

"पंचवीस लाख कुठून आणू, मॅडम? मी मुळातच भित्रा आहे."

पहिल्या तीन भेटी वडिलांचा राग आणि याचा अपराधीपणा यांतच गेल्या. चौथ्या भेटीला मी त्या आराखड्याची वही मागवली. सुबक तक्ते उलटत गेले, तेव्हा अगदी मागच्या पानावर पेन्सिलीने केलेली टिपणे दिसली : हळकुंडे ११ किलो, कांडपाचे पैसे, पिशव्या, आणि खाली 'मेसच्या मावशी, उधारी ६०'.

"हे काय आहे?"

"ते काही नाही. घरची हळद दळून हॉस्टेलवर विकली होती. नुसता खटाटोप."

"तेव्हा भीती नाही वाटली?"

तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. "नाही. बुडलं तर किती बुडेल, ते माहीत होतं."

या वाक्यासाठी मी चार भेटी थांबले होते, हे कबूल करते. उद्योजकांच्या विचारपद्धतीवर संशोधन करणाऱ्या सरस सरस्वती यांनी २००१ मध्ये मांडलेला, मला फार पटणारा विचार हाच आहे : अनुभवी उद्योजक नफ्याच्या अंदाजापेक्षा हाताशी काय आहे आणि किती नुकसान सोसवेल, येथून सुरुवात करतात. आपल्याकडे बहुधा आराखड्याला गुण मिळतात, मागच्या पानाला नाही. नेदरलँड्समधील विद्यार्थ्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर उद्योजकता शिकवणाऱ्या कार्यक्रमानंतर उद्योजक होण्याची इच्छा कमी झालेली आढळली. आपल्या मर्यादांचे भान येणे, हे त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी दिले होते. म्हणून पालकांना माझे सांगणे असते की मुलगा कचरू लागला म्हणजे फी वाया गेली असे समजू नये. त्याला आधी झेपेल तो आकडा विचारावा, आणि तो ठरेपर्यंत नोकरी सोडण्याचा विषयही काढू नये.

या मुलाने आठ हजारांचा आकडा ठरवला आणि नोकरी सांभाळून वडिलांकडे अर्धा क्विंटल हळकुंडे मागितली.

"घरची म्हणून फुकट नाही," वडील म्हणाले, "यार्डातल्या दरानं मोजणार असशील तर ने."

पुढच्या भेटीत हे सांगताना तो पहिल्यांदाच हसला. "मॅडम, घासाघीस केली. दोन टक्के सोडले त्यांनी."