स्ट्रेस बरोबर येण्यासाठी फायनाइट एलिमेंट मेश (कॉम्प्युटरवर पार्टचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून केलेली जाळी) किती बारीक करावा?

तुम्ही मिलिमीटरमध्ये आकडा मागताय. पार्ट न बघता जो कोणी असा आकडा देईल, त्याचं ऐकू नका.

चाकणला एका कंपनीत असताना माझ्याकडे एसजी आयर्न ४५०/१० (ओतीव लोखंडाची एक ग्रेड) चा एक माउंटिंग ब्रॅकेट आला होता. कोल्हापूरला ओतला जायचा. आतल्या कोपऱ्याला ड्रॉइंगवर आर ५ (५ मिमी रेडियसचा गोलावा, म्हणजे फिलेट) होता, पण मेशिंग लवकर उरकावं म्हणून जॉमेट्री क्लीनअपमध्ये तो उडवलेला, कोपरा नुसता काटकोनी. ४ मिमीच्या मेशला तिथे १८० एमपीए (मेगापास्कल) स्ट्रेस आला. सर म्हणाले, बारीक कर. २ मिमीला २४७. अजून बारीक कर. १ मिमीला ३३८. या ग्रेडची यील्ड, म्हणजे ज्याच्या पुढे धातू कायमचा वाकतो तो स्ट्रेस, ३१०. झालं, पार्ट फेल, भिंत ८ मिमीची १० करा.

आकडे नीट बघा. एलिमेंट निम्मा केला की दर वेळी १.३७ पट. आत वळलेल्या काटकोनी टोकाला थिअरीतच स्ट्रेस अनंत असतो. टोकाकडे जाताना तो अंतराच्या ०.४५५ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात चढतो, आणि २ चा ०.४५५ वा घात १.३७ येतो. अर्ध्या मिमीला ४६३ च्या आसपास आले असते आणि पुढेही चढतच गेले असते.

मीटिंगमध्ये मी हे सांगितलं, तर उलट मलाच विचारलं, "स्लायपनर माहीत आहे ना?" २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेत स्टाव्हांगरजवळ स्लायपनर ए प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ बुडाला. ट्रायसेलच्या (तळातल्या गोल टाक्यांच्या मधल्या तिकोनी पोकळीच्या) भिंतीतला शिअर (कातरणारा भार) मेशमुळे ४७ टक्के कमी निघाला होता. मी गप्प बसलो. आज बसणार नाही. तिथले एलिमेंट मोठे होतेच, शिवाय वेडेवाकडे होते, आणि त्या सांध्यात सळईही कमी पडली. त्यावरून सगळीकडे मेश बारीक करत सुटा असं कसं निघतं? भार जिथे वळतो तिथे एलिमेंट नीट आकाराचे हवेत आणि शिअर एकदा हाताने काढून ताडायला हवा.

नंतर एका शनिवारी थांबून मी आर ५ परत घातला. फिलेटच्या कमानीवर सेकंड ऑर्डर टेटचे (चार बाजूंचे पिरॅमिडसारखे एलिमेंट, कडांच्या मध्येही बिंदू असलेले) आधी ४, मग ८, मग १२ एलिमेंट. स्ट्रेस आला २०४, २११, २१२ एमपीए. बाकी ब्रॅकेट ५ मिमीवरच ठेवला होता. पार्ट पास होता! पण तोवर पॅटर्न (ओतकामाचा नमुना) बदलून झाला होता.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: फक्त कामाच्या जागी मेश निम्मा करत जा, स्ट्रेस पाचेक टक्क्यांच्या आत हलला की थांबा. डिस्प्लेसमेंट जुळलं म्हणून खूश होऊ नका, ते स्ट्रेसच्या आधी स्थिर होतं. नोडवरचा (एलिमेंट जुळतात त्या बिंदूवरचा, शेजारच्या एलिमेंटांची सरासरी काढून आणि न काढता) अ‍ॅव्हरेज आणि अनअ‍ॅव्हरेज स्ट्रेस लांब-लांब असतील तर मेश अजून कच्चा आहे. फर्स्ट ऑर्डर टेट (फक्त कोपऱ्यांवर बिंदू असलेले) स्ट्रेससाठी वापरूच नका.

वेल्डच्या टोकाला मात्र यातलं काही चालत नाही, तिथे धरायला रेडियसच नसतो. टोकावरचा आकडा सोडा. टोकापासून प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे स्ट्रेस घ्या आणि ती रेष टोकापर्यंत वाढवा.

आणि साहेब "अजून बारीक कर" म्हणाले तर तिन्ही मेशचे आकडे एकाच पानावर शेजारी-शेजारी मांडून द्या. मी रिपोर्टात फक्त ३३८ चं लाल चित्र लावलं होतं.